खुलासा: ट्रॅकवर जाताना हवा वाढवायची नसते

पुण्यातल्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: रोजची स्पोर्ट्स सेडान ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, नेताना टायरमध्ये 40 पीएसआय हवा भरा, पकड वाढते, ब्रेक ऑइलकडे बघायची गरज नाही. दोन्ही चूक.

टायर तापला की आतली हवाही तापते. साधारण दर 5-6 अंश सेल्सिअसमागे दाब 1 पीएसआयने चढतो. चार-पाच जोरदार लॅप्सनंतर (ट्रॅकच्या फेऱ्यांनंतर) 40 वर निघालेला टायर 45 च्या पुढे गेलेला असतो, मधोमध फुगलेला आणि वळणावर घसरणारा. म्हणून थोड्या कमी दाबाने निघायचं, पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) येताच तापलेल्या टायरचा दाब मोजायचा आणि जादा हवा सोडायची. गेज घरचं न्या. पंपावरच्या मशिनचा भरवसा किती, हे पुणेकराला सांगायला नको. टायर गार झाले की मात्र परतण्याआधी पुन्हा हवा भरायची. चेन्नईच्या ट्रॅकवरून पुण्यापर्यंत हजारावर किलोमीटर आहेत.

ब्रेक ऑइलचं जास्त गंभीर. नव्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, पण ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं आत जातं, तेही नेमकं सरळ पट्टा संपताना. आधी ऑइल बदला. आणि लॅप्सनंतर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. गिअर टाका, चाकाला वीट लावा.

विम्याचं म्हणाल, तर नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते.