फेरी आधी अनियमित होते, मग तोट्याची ठरते

खेड्यातली एसटी एका दिवसात बंद होत नाही. आधी आठवड्यातून दोनदा येत नाही. कधी वाहक नाही, कधी गाडी बिघडली, कधी तीच गाडी जत्रेला लावली. फाट्यावर तासभर उभं राहून माणसं शेवटी वडापात, म्हणजे खासगी जीपमध्ये, बसतात. महिनाभर असं झालं की गाडी आली तरी चढायला कुणी नसतं. मग आगारात भारमान, म्हणजे गाडी किती भरते त्याचं प्रमाण, निघतं आणि फेरी तोट्याची ठरते. 2021-22 च्या लांबलेल्या संपानंतर कितीतरी गावांतून गाडी अशीच गेली.

भारमान काढताना पासवाली पोरं कशी धरली, हे विचारलंच पाहिजे. त्यांचं रोजचं तिकीट फाटत नाही. विद्यार्थी पासाचं एक तृतीयांश भाडं आधीच खिडकीवर भरलेलं असतं, अहिल्यादेवी होळकर योजनेतल्या मुलींचा पास तर मोफत. दारापर्यंत भरलेली सकाळची गाडी वाहकाच्या रोकडीत निम्मी रिकामी दिसते.

17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. चांगलंच आहे. पण सवलत गाडीत चढल्यावर मिळते. वडापवाला पूर्ण भाडं घेतो, आणि जीप भरेपर्यंत हलत नाही तो नाहीच.

सगळ्यात मोलाची मुक्कामी गाडी. ती गावात झोपते म्हणून पहाटे सहाला निघते. कॉलेजचा पहिला तास, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, बाजार, सगळं त्यावर चालतं. ती काढली की पहिली गाडी आगारातून रिकामी येणार आणि पोचेस्तोवर नऊ वाजणार. दहावीनंतर पोरीचं शिक्षण थांबायला एवढं पुरतं. आणि खरं सांगायचं तर ही गाडी गावंच घालवतात. चालक-वाहकांना ना खोली, ना पाणी, ना संडास. ग्रामपंचायतीनं पंखा, दिवा आणि कुलपाचा संडास असलेली एक खोली दिली, तर मुक्काम नको म्हणायला आगाराकडे कारण उरत नाही.

फेरी मागताना नुसतं निवेदन देऊन फोटो काढू नका. ग्रामसभेचा ठराव, शाळा-कॉलेजचं पासधारकांच्या आकड्याचं पत्र, आणि महिनाभराची वही जोडा: तारीख, ठरलेली वेळ, आलेली वेळ, चढलेली माणसं. शाळा साडेदहाची असेल तर पावणेअकराची फेरी मागून घेऊ नका. वळायची जागा मोजा; गाडी अकरा-बारा मीटर लांब असते. रस्त्यावर झुकलेल्या फांद्या आधीच छाटा, नाहीतर पाहणीत तेच कारण निघतं. अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना. आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.