माशीचा चाकू

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोमवारी सूचना आली : ‘सभासदांनी सामायिक जागेत धारदार हत्यारे घेऊन फिरू नये.’ खाली जोडलेले हात. नाव कुणाचंच नव्हतं, त्यामुळे ते माझंच आहे हे सगळ्यांना कळलं.

मी लगेच लिहिलं की आपल्या शस्त्रनियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा विचार केलेला आहे, त्यातूनही घरकाम-शेतीकामाची पाती वगळलेली आहेत, आणि माझं पातं जेमतेम चार इंच आहे. यावर कुणीतरी एक अंगठा टाकला आणि टँकर किती वाजता येणार यावर चर्चा सुरू झाली.

झालं होतं ते एवढंच. रविवारी सकाळी गेटपाशी देवगडच्या आंब्यांची खोकी उतरली. सामुदायिक खरेदी. खोक्यांभोवती ती पिवळी प्लास्टिकची पट्टी करकचून आवळलेली. कुणीतरी विचारलं, ‘‘अरे, चाकू आहे का कुणाकडे?’’

खिशात चाकू बाळगणारा माणूस या वाक्यासाठी जगत असतो. एरवी लोक पार्सलं कशाने फोडतात ते बघा. चावीने, बॉलपेनाने, दातांनी. एका उच्चशिक्षित शेजाऱ्यांनी उलथनं वापरलेलं मी याची डोळा पाहिलंय. घरोघरी रोज काही ना काही येऊन पडतं, प्रत्येकावर हातभर टेप असतो, आणि तरी विक्षिप्त कोण, तर ज्याच्या खिशात चाकू आहे तो.

मी चाकू काढला. तो कसा आहे ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या रूपापायी झालं. फ्रान्सच्या दक्षिणेला ओब्राकच्या पठारावर लाग्योल नावाचं गाव आहे, तिथला हा चाकूचा घाट. 1829 च्या सुमारास तो घडला. मूळचा गुराख्यांचा चाकू, पाव आणि चीज कापायचा. पुढे त्या मुलखातली माणसं पॅरिसला जाऊन खानावळी चालवू लागली, तेव्हा 1880 च्या आसपास त्याला बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही लागला. मूठ बारीक कमरेची, खाली जाऊन किंचित वळलेली. पातं निमुळतं. मुठीत बारीक खिळ्यांनी काढलेला क्रूस. आणि मुठीच्या पाठीवर, स्प्रिंगच्या टोकाशी, धातूची एक छोटी माशी. कुणी तिला मधमाशी म्हणतं, कुणी गुरांवर बसणारी गोमाशी. ती नेपोलियनने बहाल केली असंही दुकानदार सांगतात, पण दुकानदार काय, सांगणारच. वर्षानुवर्षं या नावाला संरक्षणच नव्हतं, त्यामुळे बरेचसे लाग्योल तिएर नावाच्या दुसऱ्याच गावात बनतात, आणि बाकीचे कुठे बनतात ते विचारू नये. माझा मात्र भाचीने फ्रान्समधल्याच ल्यों शहरातून आणलाय, चेक-इन बॅगेत घालून, तिथल्या माणसांशी हुज्जत घालून. मूठ जुनिपरच्या लाकडाची आहे. हाताने जरा गरम झाली की तिला वास सुटतो.

पट्टीखाली पातं सरकवणार एवढ्यात टूलरूमकाकांचा हात पुढे आला. ‘‘बघू.’’

टूलरूमकाकांनी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे जिथे साचे आणि अवजारं बनतात तिथे, जन्म काढला. ते निवृत्त झाले, पण त्यांच्यातला मायक्रॉन निवृत्त झाला नाही. सोसायटीच्या लिफ्टचं दार, सत्यनारायणाचा चौरंग, मुलींच्या स्थळांचे फोटो, काहीही हातात आलं की ते आधी डोळ्यांच्या रेषेत धरून सरळ आहे का ते बघतात. चाकूही त्यांनी तसाच धरला.

‘‘हे झुरळ काय आहे?’’

‘‘मधमाशी आहे काका.’’

‘‘ही दाबली की उघडतो का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मिटतो?’’

‘‘नाही. ती नुसती आहे.’’

‘‘नुसती,’’ काका म्हणाले. माल नापास करताना शिक्का मारण्यापूर्वी जसं थांबत असतील, तसे थांबले. ‘‘आणि लॉक?’’

‘‘लॉक नसतं याला. मागची स्प्रिंग पातं धरून ठेवते.’’

‘‘म्हणजे टोकाने जोर लावला की मिटून बोटावर येणार.’’

‘‘टोकाने जोर लावायचाच नाही.’’

‘‘मग टोक ठेवलंय कशाला?’’

एव्हाना खोक्यांभोवतीची माणसं आमच्याभोवती आली होती. काकांनी चाकू मिटवला. टक्. पुन्हा उघडायला गेले तर पात्यावरच्या खाचेत नख जाईना, कारण काका नखं मुळापासून कापतात. त्यांनी हात सगळ्यांना दाखवला. ‘‘बघा. ज्याला नखं नाहीत त्याने काय करायचं? आणि उघडायला दोन हात लागतात. एका हातात पिशवी असली की संपलं.’’

हा आक्षेप जुना आहे आणि त्यावर उत्तरही निघालेलं आहे. स्पायडर्को नावाच्या अमेरिकन कंपनीने 1981 साली पात्याला गोल भोक पाडलं आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप लावली. भोकात अंगठा घालायचा, पातं बाहेर. एका हाताने, हातमोजे असले तरी. आज जगातल्या खिशातल्या निम्म्या चाकूंना ती क्लिप असेल. पण त्या भोकासाठी पात्याच्या पाठीला पोक आलं, आणि तो चाकू कितीही गुणी असला तरी पानाशेजारी ठेवून त्याने पेरू कापावासा वाटत नाही. हे मी काकांना बोललो नाही, कारण भोकाची कल्पना त्यांना आवडली असती.

मी दुसरीकडून गेलो. म्हटलं, काका, देखणा आणि कामाचा असं दोन्ही असू शकतं. ओपिनेल घ्या. फ्रान्समधल्याच सव्हॉयच्या डोंगरात 1890 साली जोसेफ ओपिनेलने केलेला चाकू. बीचच्या लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा. नक्षी नाही, माशी नाही, पात्यावर मुकुट घातलेला एक पंजा तेवढा. मापं नंबरांनी ओळखायची, आठ नंबर म्हणजे साडेआठ सेंटीमीटर. 1955 साली मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी बसवली, ती वळवली की पातं पक्कं. झालं लॉक!

‘‘मूठ लाकडाची?’’ काका म्हणाले. ‘‘पावसाळ्यात फुगणार.’’

फुगते. लाकूड आहे, पाणी पितं आणि पातं आवळून धरतं. यावर तिथल्या लोकांची एक युक्ती आहे : मुठीचं बूड टेबलावर हलकेच आपटायचं, की पात्याचं टोक वर येतं. हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

‘‘म्हणजे,’’ काका सगळ्यांकडे वळून म्हणाले, ‘‘चाकू उघडायचा तर खिशात टेबलही पाहिजे.’’

लोक हसले. मग काकांनी बर्म्युडाच्या खिशातून स्वतःची वस्तू काढली. पॉवर हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्रकरवतीचं, जुनं पातं, तिरकं तोडून ग्राइंडरवर धार काढलेलं. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, वरून काळी टेप. म्यान म्हणजे पीव्हीसी पाइपचा तुकडा, गरम करून चपटा केलेला. ‘‘एचएसएस आहे, हायस्पीड स्टील. धार बघ.’’ मी बघितली. धार होती. इतकी होती की मला त्याबद्दल काही लिहायचं नाही.

‘‘पण काका, याची घडी होत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘घडी कशाला? चाकू आहे का चादर?’’

पहिल्या मजल्यावरच्या आजींना ठसका लागला इतक्या त्या हसल्या. मीही हसलो. शेजारी राहायचंय.

तरी मी अडकित्ता काढला. म्हणजे मुद्दा म्हणून. म्हटलं, आपल्याकडेही कामाची वस्तू सुंदर करतच होते की. पुण्यात केळकर संग्रहालयात जाऊन बघा, अडकित्त्यांचं दालन आहे. पोपट, मोर, घोडे, बायका. एकही साधा नाही आणि प्रत्येकाने सुपारी फोडलेली आहे.

‘‘सुपारी धारेने फुटते. पोपटाने नाही.’’

‘‘पण पोपट होता ना?’’

‘‘पोपट होता म्हणून तर तो म्युझियममध्ये गेला. आमच्या आईचा साधा लोखंडी होता, तो अजून घरात चालू आहे.’’

आता यावर माणसाने काय बोलावं? उत्तर मला रात्री साडेअकराला सुचलं. (तो म्युझियममध्ये गेला कारण कुणीतरी तो जपला. पण साडेअकराला काका झोपलेले असतात.)

या सगळ्या संवादात काका माझा चाकू उघडत होते आणि मिटत होते. आजींच्या नखाने उघडायचा, आपण सोडून द्यायचा. टक्. टक्. या घाटाच्या चाकूचं एक नाजूक दुखणं असतं. मिटताना पातं हाताने अलगद आत न्यायचं. सोडून दिलं तर स्प्रिंग ते खाडकन ओढते, आणि कित्येकांत धार आत जाऊन थेट स्प्रिंगवरच आपटते. बरोबर त्याच जागी धार मोडते. मी दोनदा सांगितलं, ‘‘काका, सोडू नका.’’ काका म्हणाले, ‘‘जो चाकू स्वतःला कापतो तो डिझाइनरने परत घ्यावा.’’ टक्.

वॉचमनने मान घालून विचारलं, ‘‘रामपुरी है क्या साहब?’’ घडीचा चाकू दिसला की या देशात दुसरं नाव सुचत नाही. एका शहराची कारागिरी सिनेमातल्या गुंडांनी अशी काही पळवली की हौसेने कुणी चाकू बाळगू शकतो हे लोकांच्या डोक्यातूनच गेलं. रामपूरवाल्यांनी मात्र लाज सोडून 2023 साली चौकातच सहा मीटरहून लांब चाकू उभा केला. त्यांच्या ग्रुपवर सूचना येत नसणार. आमच्या ग्रुपवरचं ‘हत्यार’ वॉचमनच्या त्या एका शब्दातून जन्मलं याबद्दल मला शंका नाही, कारण काकांच्या हॅकसॉला कुणी हत्यार म्हटलेलं नाही. ते कुरूप आहे, म्हणून ते अवजार.

आणि माझी खरी तक्रार हीच आहे. दिसण्याला पैसे मोजायला आपली ना नाही. शोकेसमध्ये चिनीमातीची बदकं आहेत, ती काय करतात कुणी विचारत नाही. काचेच्या पाठीचा फोन लाखाला घेऊन त्यावर शंभर रुपयांचं रबरी कव्हर चढवतात, तेव्हा व्यवहार कुठे जातो? फक्त हाताने काम करायच्या वस्तूने सुंदर असायचं नाही. असली, की तिच्याकडून हिशेब घ्यायचा, आणि तोही ती वापरून न बघता. पट्टी कापून बघा आणि मग बोला ना! माझं पातं पाठीलाही पातळ आहे, धारेकडे तर आणखी. पेरूची फोड अशी पडते की पलीकडचं दिसतं. खरे निरुपयोगी चाकू हल्ली ऑनलाइन मिळतात ते : काळा रंग, छिन्नीसारखं तोडलेलं टोक, चार मिलिमीटर जाडीचं पातं, जणू घेणारा उद्या सीमेवर निघालाय. त्याने सफरचंद कापायला जा. कापलं जात नाही, तडकतं. पण त्यांना लॉक असतं, क्लिप असते, भोक असतं. काकांच्या परीक्षेत ते पहिल्या वर्गात पास झाले असते. सौंदर्याचा सोस तिथेही आहेच की, फक्त तो मर्दानी कपडे घालून आला म्हणून त्याला उपयुक्तता म्हणायचं!

असो. मी हे मनात बोलत असताना खोकी फुटलीसुद्धा होती. वॉचमनने स्कूटरच्या चावीने पट्ट्या उचकटल्या. ना फ्रान्स, ना हॅकसॉ. माझ्या वाट्याला आलेल्या खोक्यात तळाचे आंबे चिरडलेले निघाले, तो भाग वेगळा आणि त्यावर ग्रुपवर सूचना नाही.

घरी येऊन भिंगाने पाहिलं. धारेच्या मध्यावर खळगा, नखाला लागेल एवढा. निसण्यावर घासत बसलो तरी तो जाईना. बुधवारी रस्त्यावर धारवाल्याची आरोळी आली आणि बायकोने विळी, दोन सुऱ्या आणि कात्री यांच्याबरोबर माझा चाकूही खाली नेला. मला कळेपर्यंत विळी झाली होती. मी चपला न घालता धावलो. त्या चाकावर पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग कितीही धार लावा, टिकत नाही.

धारवाला माझा चाकू हातात घेऊन, अंगठा माशीवर ठेवून चाक फिरवायच्या बेतात होता. म्हटलं, दादा, हळू, पाणी मारत मारत, आणि जिथे मोडलंय तेवढंच. त्याने मान हलवली, पातं चाकाला टेकवलं, आणि थांबला. अंगठा उचलून बघितला.

‘‘हे टोचतंय,’’ तो म्हणाला. ‘‘घासून सपाट करून टाकू का? तेवढंच धरायला बरं पडेल.’’

नको म्हटलं.

‘‘मग वीस रुपये जास्त होतील.’’