दांड्यातली केबल: खुलासा
‘जुन्या इटालियन स्टील सायकलच्या दांड्यातून ब्रेकची केबल गेली असेल, तर फ्रेमला नंतर कुणीतरी भोकं पाडली’ असा मेसेज फिरतोय. चूक आहे. सत्तरच्या दशकात केबल दांड्यावर क्लिपांनी बांधत, हे खरं. पण 1980 च्या दशकात कोलनागो या इटालियन कंपनीच्या ‘मास्टर’ मॉडेलसारख्या फ्रेममध्ये मागच्या ब्रेकची केबल कारखान्यातूनच दांड्याच्या आतून यायची. गिअरच्या केबली मात्र बहुधा बाहेरच.

भोक नीट पाहा. मूळ असेल तर कडेला झाळलेली छोटी कड सापडते आणि रंग आतपर्यंत वळलेला असतो. ड्रिलनं पाडलेलं उघडं, धारदार राहतं. आणि हो, जुनी केबल घाईनं उपसू नका! आत मार्गदर्शक नळी नसेल तर नवी ओवताना घाम फुटतो.