आत्या आहे, अंगठा नाही

माझी आत्या पंच्याहत्तरीची आहे, निदान तिच्या हिशेबाने. आधार कार्डावर तिचा जन्म 1 जानेवारीचा. आमच्या आळीतल्या यच्चयावत म्हाताऱ्यांचा 1 जानेवारीचाच. पूर्वी लोक भलतेच शिस्तीत जन्माला येत असावेत.

आत्याला श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे, महिना 1,500 रुपये मिळतात. ते चालू राहावेत म्हणून वेळोवेळी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: आत्या जिवंत आहे आणि आत्या गरीब आहे. दुसरी जास्त अवघड.

नियम असा की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांकडे गेलो. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, आत्या भाऊसाहेबच म्हणते.) अर्ज बघून भाऊसाहेबांनी विचारलं, "आजी, एकवीस हजारांत वर्ष भागतं तुमचं?"

"न्हाई भागत," आत्या म्हणाली.

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. भागत नाही म्हणूनच आलोय, असं मी घाईघाईने सांगितलं. "मग वरचा खर्च कुठून होतो?" भागतं म्हणावं तर ते खोटं, भागत नाही म्हणावं तर छुपं उत्पन्न! शेवटी आत्यानेच खुलासा केला, "शेजारीण कालवण देती." आता कालवण कुठल्या रकान्यात बसवायचं, यावर भाऊसाहेब खरोखरच विचारात पडले.

बरं, 1,500 गुणिले 12 म्हणजे 18,000. सरकारी पैसेही उत्पन्नात धरले, तर गरिबी टिकवायला आत्याकडे जेमतेम 3,000 ची जागा उरते. कालवण जपूनच खायला हवं.

जिवंतपणाचा पेपर सेतू केंद्रात. आत्याने उभा जन्म विड्या वळल्या. अंगठ्यावरच्या रेषा तंबाखूबरोबर केव्हाच गेल्या. केंद्रातल्या पोराने अंगठा पुसला, त्याला खोबरेल लावलं, परत पुसला, वरून स्वतःचा हात ठेवून दाबला. मशीन ढिम्म. मग मोबाइलने चेहरा घ्यायचं ठरलं.

"आजी, चष्मा काढा. इकडं बघा. आता डोळे मिचकवा."

"कुणाला?"

"मोबाइलला."

"या वयात?" आत्याने पदर सावरला आणि डोळे वटारून मोबाइलकडे पाहत राहिली. पापणी काही लवेना. तिच्या मागे रांगेत बसलेल्या बायका मात्र तिला करून दाखवण्याच्या नादात सगळ्या एकदम डोळे मिचकावू लागल्या. त्या क्षणी बाहेरून कोणी आत आला असता, तर केंद्राची बदनामीच झाली असती.

हे सगळं बोगस लाभार्थी पकडण्यासाठी, हे मला मान्य आहे. ते पकडायलाच हवेत. लाडकी बहीण योजनेच्या यादीत हजारो भाऊ निघाले, तेव्हा चाळणी लागणारच. पण या चाळणीत अडकतं कोण? खोट्याचे कागद नेहमी पक्के असतात. आमच्याच आळीत पन्नाशीतले एक निराधार आहेत, आधारवर पासष्टीचे. त्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात उठतो, ओटीपी येतो, आणि फाइलला प्लास्टिकचं कव्हर असतं. खऱ्या गरिबाचा मोबाइल नंबर तीन वर्षांपूर्वीच बंद झालेला असतो.

माझ्या मते यावर चावडी वाचनासारखा उपाय नाही. लाभार्थ्यांची यादी गावासमोर मोठ्याने वाचा, अर्धी नावं तिथेच गळतील. मशीनला अंगठा कळतो, पण कोणाच्या पोराने ट्रॅक्टर घेतला ते गावाला कळतं. अडचण एवढीच की वाचायला कोणी उभं राहत नाही, कारण पुढे ग्रामपंचायतीला उभं राहायचं असतं.

आत्या म्हणते, "मी वाचते की." तिला अक्षरओळख नाही. यादी मात्र तोंडपाठ आहे.