वजनदार लेन्स, वजनदार फोटो?

फोटो काढणाऱ्यांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: काच जास्त तर शार्पनेस जास्त, लहान लेन्समध्ये विवर्तनाने (भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्याने) बारकावे पुसले जातात, तिचे कोपरे काळवंडतात, आणि उरलेलं पाप सॉफ्टवेअर झाकून नेतं. शेवटी ठेवून दिलेलं वाक्य: ‘पॅनकेक लेन्स खिशासाठी, फोटोसाठी नाही.’ (पॅनकेक म्हणजे चपटी, आखूड लेन्स.) चारांपैकी एक मुद्दा खरा आहे आणि एक अर्धा खरा.

आधी काचेचं. लेन्स जड होते ती मुख्यतः ॲपर्चरमुळे, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या भोकामुळे. एफ-नंबर म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर (तिच्या नावातले मिमी) भागिले भोकाचा व्यास; नंबर लहान तितकं भोक मोठं. ५० मिमीची लेन्स एफ/१.४ ला उघडली, तर समोरून दिसणारं तिचं भोक साधारण ३६ मिमीचं असावंच लागतं, एफ/२.८ ला १८ मिमी पुरतं. आता भिंगाच्या कडेतून येणारे किरण मधल्या किरणांशी एका जागी जुळत नाहीत. त्यातून पडणारा धूसर ठिपका भोकाच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. व्यास दुप्पट, ठिपका आठपट. मोठ्या लेन्समधल्या कितीतरी काचा हा पसारा आवरायलाच घातलेल्या असतात. जी लेन्स मुळात एफ/२.८ पासून सुरू होते, तिच्या वाट्याला तो फारसा येतच नाही.

म्हणून तर १९०२ साली पॉल रूडॉल्फने त्साइस या जर्मन कंपनीसाठी केलेली टेसार ही लेन्स अवघ्या चार भिंगांत भागली. १९६६ च्या रोलाय ३५ या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात हीच रचना ४० मिमी एफ/३.५ म्हणून बसली, आणि फिल्मची २४ × ३६ मिमीची पूर्ण चौकट भरत होती.

आजचं उदाहरण हवं तर कॅननच्या आरएफ ५० मिमीच्या दोन लेन्स घ्या. एफ/१.२ एल: १५ भिंगं, ९५० ग्रॅम. एफ/१.८: सहा भिंगं, १६० ग्रॅम. वजन जवळपास सहापट, प्रकाश सव्वादोन पट. त्या सव्वादोन पटीसाठी वजन उचलणाऱ्याला मी हसणार नाही. अंधाऱ्या सभागृहात मीही उचलीन. पण भर दुपारी एफ/८ ला डोंगर टिपताना ते जादा ७९० ग्रॅम नुसते मानेला लटकतात.

विवर्तनाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. विवर्तनाचा ठिपका एफ-नंबरवर ठरतो, लेन्सच्या आकारमानावर नाही. हिरव्या प्रकाशात एफ/८ ला तो सुमारे ११ मायक्रॉन. लेन्स पावशेराची असो की किलोची.

कोपऱ्यांबद्दल मात्र तो मजकूर बरोबर आहे. मी माझी ४० मिमी एफ/२.८ पॅनकेक आणि ५० मिमी एफ/१.४ आळीपाळीने ट्रायपॉडवर चढवून पुस्तकांच्या कपाटाचे फोटो काढले. एफ/२.८ ला मधल्या पुस्तकांच्या कण्यांवरची अक्षरं दोन्हींत तितकीच रेखीव. डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक जुना शब्दकोश आहे. पॅनकेकमध्ये त्याची सोनेरी अक्षरं अंधारात गेलेली, जोडाक्षरं एकमेकांत कालवलेली. एफ/५.६ ला ती सुटी झाली, अंधारही बराच निवळला. मग फरक शोधायला फोटो दोनशे टक्के मोठा करावा लागला.

कोपऱ्यातल्या अंधाराचं एक कारण लेन्सच्या आखूडपणात आहे. आखूड लेन्समधून कोपऱ्याकडे जाणारे किरण बरेचदा फार तिरके पडतात, आणि तिरपेपणा वाढला की उजेड झपाट्याने घटतो: ४५ अंशांना मध्याच्या पावपट. फिल्मला तिरका किरण चालायचा. सेन्सरवर फिल्टरची काच असते, प्रत्येक पिक्सेलवर इवलंसं भिंग असतं; तिथे तो अडखळतो. फिल्मच्या अगदी जवळ बसणाऱ्या जुन्या वाइड लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर लावल्या, की कोपऱ्यांत जांभळट झाक येते ती यामुळेच.

राहिलं सॉफ्टवेअर. ते फुकट नाही, हे खरं. काळवंडलेला कोपरा दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजळला तर आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) ४०० च्या फोटोचा तेवढा भाग १६०० सारखा रवाळ होतो. पण याला ‘पाप झाकणं’ म्हणणं मला पटत नाही. लेन्समुळे वाकलेल्या रेषा काचेनेच सरळ करायच्या, तर त्यासाठी आणखी भिंगं लागतात, किंवा दुसरा एखादा दोष पदरात घ्यावा लागतो. २००८ च्या मायक्रो फोर थर्ड्स या कॅमेरा-लेन्स प्रणालीत लेन्सने आपली वक्रता कॅमेऱ्याला कळवायची सोय मुळातच होती. त्या जोरावर पॅनासॉनिकची २० मिमी एफ/१.७ ही लेन्स १०० ग्रॅममध्ये झाली. तिची रॉ फाइल (सेन्सरवरून आलेली कच्ची नोंद) दुरुस्तीविना उघडली की सरळ रेषा पिंपासारख्या फुगलेल्या दिसतात. दुरुस्तीनंतर कडेचे पिक्सेल किंचित ताणले जातात, एवढाच तोटा.

सॉफ्टवेअरच्या हाताबाहेरचं एकच: कोपऱ्यात पंख फुटलेले तारे. विखुरलेला प्रकाश परत ठिपक्यात गोळा करणं त्याला धड जमत नाही. रात्रीचं आकाश टिपणाऱ्यांनी लहान लेन्सला नाक मुरडलं तर ते योग्यच आहे.

आणि ते खिशाचं वाक्य. माझी ५० मिमी एफ/१.४ त्या चाचणीनंतर चार महिने त्याच कपाटात आहे, शब्दकोशाशेजारी.