मोहोरी बीबी लिहिली की झालं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कायद्याच्या परीक्षेतला ‘प्रॉब्लेम’ (घटना देऊन त्यांना कायदा लावायला सांगणारा प्रश्न) कसा सोडवावा, या माझ्या सल्ल्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ‘प्रॉब्लेम सोडवताना घटनांवर निम्मं उत्तर खर्च करा, हा सल्ला आपल्याकडे चालत नाही. तपासणारा कलम आणि केसचं नाव बघतो, मार्क देतो, पुढे जातो.’

अर्धं मान्य. समोर गठ्ठा घेऊन बसलेल्या माणसाला कलम चटकन दिसलंच पाहिजे, खुशाल अधोरेखित करा. पण केस कुठली आणि ती इथे लागते का, हे घटना वाचल्याशिवाय कसं ठरवणार?

नेहमीचाच प्रॉब्लेम घ्या. सतरा वर्षांचा मुलगा ‘मी सज्ञान आहे’ असं खोटं सांगून ४०,००० रुपयांचा फोन उधारीवर नेतो आणि पैसे बुडवतो. ठरलेलं उत्तर : करार कायद्याचं कलम ११ (अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला माणूस करार करू शकत नाही), मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष (१९०३) ही केस, करार मुळातच शून्य, दुकानदार रिकाम्या हाताने घरी. पहिल्या वर्षी मीही हेच लिहून आलो होतो, वर पुरवणी जोडून!

आता मोहोरी बीबीच्या घटना आठवा. धर्मोदास घोषने गहाणखत केलं, पण तो अज्ञान असल्याची नोटीस सावकाराचं काम पाहणाऱ्या वकिलाला आधीच मिळाली होती. म्हणून प्रिव्ही कौन्सिल (तेव्हाचं लंडनमधलं सर्वोच्च अपील न्यायालय) म्हणालं, दोघांनाही खरं ठाऊक असताना एस्टॉपेलचा (आधी सांगितलेलं नंतर नाकारू न देणाऱ्या नियमाचा) प्रश्नच येत नाही. आपला दुकानदार मात्र खरोखर फसलाय. हा फरक लिहिला नाही, तर केस नुसती चिकटवलेली राहते.

फरक पकडला की पुढची वाट आपोआप दिसते. खान गुल विरुद्ध लाखा सिंग (लाहोर हायकोर्ट, १९२८) : खोटं बोलला तरी अज्ञानाला एस्टॉपेल लागत नाही, पण घेतलेला लाभ परत करायला लावता येतो. आज त्यासाठी विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चं कलम ३३ आहे. तेही लाभ झाला असेल तेवढ्यापुरतंच. म्हणजे फोन अजून मुलाकडे आहे, विकलाय की फुटलाय, हे विचारावंच लागतं. प्रॉब्लेममध्ये ते दिलेलं नसेल, तर ‘फोन त्याच्याकडेच असेल तर...’ असं लिहून दोन्ही शक्यता मांडा.

आणि फोनऐवजी त्याने कॉलेजची पुस्तकं नेली असती तर? मग करार कायद्याचं कलम ६८ (अज्ञानाला पुरवलेल्या गरजेच्या वस्तू) उघडा. तिथेही वसुली त्याच्या मालमत्तेतून, त्याच्यावर व्यक्तिशः नाही. हे एक वाक्य बहुतेक जण विसरतात.