केरळ पाच दिवसांत ‘उरकत’ नाही

दिवाळीची सुट्टी जवळ आली की केरळच्या सहलीचा एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर हमखास येतो. त्याचा सारांश असा: राज्य छोटं आहे, सगळं जवळजवळ आहे, कोची, मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी, कोवळम आणि जाता जाता कन्याकुमारी पाच दिवस चार रात्रींत आरामात होतं. विमानतळावरूनच सगळ्या दिवसांची गाडी ठरवा, त्याशिवाय फिरता येत नाही. हाउसबोटीवर एक रात्र हवीच. जून ते सप्टेंबर जाऊ नका, ऑक्टोबरपासून सगळं कोरडं असतं. मुन्नार-थेक्कडी सोडलं तर बाकी नुसती माणसांची गर्दी.

यावर भरवसा ठेवून लोक म्हाताऱ्या आई-वडिलांना आणि लहान मुलांना घेऊन निघतात आणि जपून ठेवलेली रजा गाडीत बसून घालवतात. मला याचं खरोखर वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘राज्य छोटं, सगळं जवळ.’ क्षेत्रफळ 38,863 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण आठव्या हिश्शाएवढं. इथपर्यंत बरोबर. पण ही जमीन लांब पट्टीसारखी पसरलेली आहे. किनारा सुमारे 590 किलोमीटरचा. वंदे भारतलासुद्धा दक्षिणेकडच्या तिरुवनंतपुरमहून उत्तर टोकाच्या कासरगोडला पोचायला आठ तास लागतात. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यात अनमुडी हे 2,695 मीटर उंचीचं शिखर. आणि 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 860 माणसं. महाराष्ट्रात हाच आकडा 365 आहे. याचा प्रवासावर काय परिणाम होतो ते रस्त्यावर उतरल्यावर कळतं. आपल्याकडे गाव संपलं की शेतं लागतात, माळ लागतो, गाडी वेग घेते. केरळच्या किनारपट्टीत गाव संपतच नाही. घर, परसातली नारळाची झाडं, दुकान, शाळा, चर्च, मशीद, देऊळ, पुन्हा घर. पनवेलहून निघणारा आपला 66 क्रमांकाचा महामार्ग तिथं या वस्तीतूनच जातो.

आता मेसेजमधलाच कार्यक्रम घड्याळ लावून बघा. कोची ते मुन्नार 130 किलोमीटर, चार ते पाच तास. मुन्नार ते थेक्कडी शंभराच्या आतबाहेर, पण वळणांमुळे जवळजवळ चार तास. तिथून अलेप्पी, म्हणजे अलप्पुळा, आणखी चार-पाच तास. पुढे कोवळम तेवढंच. कन्याकुमारी तर तमिळनाडूत, जाऊन-येऊन पाच-सहा तास मोडतात. म्हणजे रोजचा अर्धा दिवस रस्त्यात, आणि लहान मुलांना घाटात उलट्या होतात ते वेगळंच. केरळात अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. पाच दिवस असतील तर मुक्कामाची ठिकाणं दोन, फार तर तीन. कोचीला उतरून परतीचं विमान तिरुवनंतपुरमहून घेतलं तर उलटा प्रवासही वाचतो.

‘गाडीशिवाय फिरता येत नाही.’ या मुद्द्याला माझा सगळ्यात जास्त विरोध आहे. ज्या दाट वस्तीमुळे गाडी रखडते, त्याच वस्तीमुळे सार्वजनिक वाहतूक भरपूर आहे. तिरुवनंतपुरम, वर्कला, कोल्लम, अलप्पुळा, एर्नाकुलम (कोचीचं स्टेशन), त्रिशूर, कोळिकोड, कण्णूर ही सगळी ठिकाणं रेल्वेवर आहेत आणि रेल्वेला रस्त्यावरची कोंडी लागत नाही. जवळच्या गावांना बस सतत असतात. कोचीत एप्रिल 2023 पासून वॉटर मेट्रो, म्हणजे मेट्रोसारखी बोटसेवा, आहे. हायकोर्ट जेट्टीवरून बोटीनं फोर्ट कोचीला जाणं हीच एक सहल आहे. डोंगरात, किंवा गुडघे दुखणारी मंडळी सोबत असतील तर गाडी जरूर घ्या, पण त्या दिवसांपुरती.

‘हाउसबोटीवर रात्र हवीच.’ रात्रभर बोट चालते अशी समजूत असते. प्रत्यक्षात दुपारी बाराच्या सुमारास निघालेली बोट संध्याकाळी साडेपाच-सहाला काठाला बांधतात, कारण नंतर मच्छीमारांची जाळी पाण्यात पडतात. म्हणजे भाडं पूर्ण रात्रीचं, फिरणं चार-पाच तासांचं. हौस असेल तर करा. पण अलप्पुळा ते कोट्टयम राज्य जलवाहतूक विभागाची साधी बोट जाते, अडीच-तीन तास, अगदी कमी तिकिटात. शेजारी बाजारहाट करून परतणाऱ्या बायका, शाळेची मुलं बसतात. बांधापलीकडे कुट्टनाडची भातशेती दिसते, समुद्रसपाटीच्या खाली असलेली. पाणी वर आणि शेत खाली. शिवाय कोल्लमजवळ मन्रो बेटावर पहाटे लहान होडीनं अरुंद कालव्यांत शिरता येतं, तिथं हाउसबोट जाऊच शकत नाही. हाउसबोटी फिरतात त्या वेंबनाड सरोवरावर त्यांच्या सांडपाण्याचा ताण आहे, हेही ठरवताना लक्षात असू द्या.

पावसाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुन्नार-वायनाडच्या घाटांत जाऊ नये, असंच मीही सांगेन. ऑगस्ट 2018 चा पूर आणि 30 जुलै 2024 ची वायनाडची दरड कोणी विसरू नये. पण ‘ऑक्टोबरपासून कोरडं’ हे चूक. परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येतो, बहुतेक दुपारनंतर गडगडाटासह. दिवाळीत जाणाऱ्यांनी बाहेरचं फिरणं सकाळी ठेवावं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाचे यात्रेकरू असतात. रेल्वेचं आरक्षण आणि थेक्कडीकडचे रस्ते दोन्ही भरलेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये निलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी मुन्नारजवळचं एरविकुलम उद्यान साधारण बंद असतं. मुन्नारला त्यासाठीच जाणारे कित्येक जण फाटकावरून परततात. कोचीतल्या मट्टनचेरीचं 1568 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवार-शनिवार टाळूनच ठरवा.

राहिली ‘नुसती गर्दी’. पर्यटकांची कोंडी सुट्टीत सगळ्यात जास्त मुन्नारलाच होते! गर्दी नको असेल तर उत्तरेला जा. मुंबईहून कोकण रेल्वेनं येताना कासरगोड आणि कण्णूर आधी लागतात, नेत्रावती एक्सप्रेस दोन्हीकडे थांबते. तरी आपण झोपेत ती स्टेशनं मागे टाकून एर्नाकुलम गाठतो. कासरगोडजवळ बेकलचा समुद्रात घुसलेला किल्ला आहे, कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडच्या किनाऱ्यावर गाडी चालवता येईल इतकी घट्ट वाळू आहे, आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेपर्यंत गावोगावच्या देवस्थानांत तेय्यम असतो, म्हणजे देवाचं रूप घेऊन केलेलं विधिनृत्य. तो बहुधा रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. आज कुठे आहे ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारलं की सांगतात. फोटो काढण्याआधी परवानगी मात्र घ्या, कारण तिथल्या लोकांसाठी समोर उभा असतो तो देव.